साण्यातला उन्हाचा खांब

जालना जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात सकाळी उन्हाचा एक खांब उभा राहतो. छताच्या साण्यातून, म्हणजे धुरासाठी ठेवलेल्या भोकातून, तो तिरपा उतरतो आणि चुलीच्या आसपास कुठेतरी टेकतो. नीट पाहिलं तर आपल्याला दिसतं ते ऊन नव्हे, धूर. नुकत्या पेटलेल्या पऱ्हाट्यांच्या धुराचे कण इतके बारीक असतात की उजेडातला निळा रंग ते जास्त उधळतात, म्हणून खांबाला निळसर झाक येते. चुलीपुढची बाई फुंकणी तोंडाला लावते, जाळ धरतो आणि खांबातली वेटोळी एकाएकी वर पळत सुटतात.

ती वर का पळतात? धूर हलका असतो म्हणून, हे उत्तर अर्धंच. धुराला वर रेटलं जातं. वीस अंशांची एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. तीच दीडशे अंशांवर तापली की जेमतेम ८३० ग्रॅम. बाहेरची थंड, जड हवा दाराच्या फटीतून चुलीकडे सरकते आणि या फुगलेल्या हवेला खालून ढुशी देते. गरम हवेला नळकांड्यात कोंडलं की या ढुशीला शिस्त लागते. तेच धुराडं. नळ जितका उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त.

पण ही ओढ असते तरी केवढी? दहा फुटी धुराड्यात दीडशे अंशांची हवा असेल, तर पाणी जेमतेम एक मिलिमीटर वर चढवण्याइतकी! शहाळ्यात नळी घालून पाणी ओढताना आपण याच्या शंभरपट जोर लावतो. एवढ्या किरकोळ जोरावर घरभराचा धूर बाहेर जातो. मला या सगळ्या प्रकरणातलं खरं नवल हेच वाटतं, आणि धुराड्याची निगा इतकी महत्त्वाची का, तेही इथेच कळतं. एक मिलिमीटरची ओढ बिघडायला फार काही लागत नाही. दारं-खिडक्या गच्च लावल्या की ती अडते. त्याच खोलीत एक्झॉस्ट पंखा लावला की तो धुराड्यातूनच हवा आत खेचतो आणि धूर उलटा फिरतो.

आपल्या चुलीला वैल असतो, हेही या हिशेबातच बघायला हवं. तव्याखालून निसटलेला जाळ बोळातून शेजारच्या तोंडाशी जातो आणि त्यावर भाजी रटरटत राहते. धूर घरातून जायच्या आधी त्याच्याकडून आणखी एक काम करून घ्यायचं, ही युक्ती कुण्या अनामिक बाईची असणार. पुढे इंजिनिअरांनी तिलाच धुराडं जोडलं. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ आली. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी एका जाळावर ओळीने भांडी आणि शेवटी धुराडं अशी मातीची चूल बसवली आणि १९५३ मध्ये ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका काढली. तेव्हा जालना हैदराबाद राज्यातच होतं. म्हणजे ही आपल्याच राजधानीत चाललेली खटपट.

धुराडं येण्याआधीच्या हजारो वर्षांत माणसाचं छताच्या भोकावरच भागलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं भोकरदन घ्या, म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचं इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी चांगलंच साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. हस्तिदंताची बाहुली समुद्र ओलांडून जाण्याच्या त्या काळात रोमन स्वयंपाकघरांनाही सहसा धुराडं नव्हतं. धूर खिडकीतून किंवा कौलांमधल्या भोकातून जाई. तिथल्या स्वयंपाकघरात भोकरदनचा माणूस शिरला असता तर त्याचे डोळे घरच्यासारखेच चुरचुरले असते. युरोपात भिंतीतली धुराडी बाराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागली.

आता धुराड्याच्या शत्रूकडे वळू. तो धुरातच असतो. लाकूड पुरतं जळत नाही तेव्हा त्यातले डांबरी अंश वाफ होऊन वर निघतात आणि नळाची थंड भिंत लागली की तिथेच चिकटतात. आधी भुरभुरीत काजळी, मग काळा चिकटा, शेवटी काचेसारखा चकाकणारा कडक थर. इंग्रज त्याला क्रिओसोट म्हणतात. गंमत अशी, की साण्याच्या घरात हाच चिकटा उपकारी असतो. माळवदाच्या तुळया त्याने काळ्या होतात आणि कीड त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. बियाण्यासाठी राखलेली कणसं चुलीवर टांगायची ती याच भरवशावर. आज बियाण्यांच्या कंपन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात हे आठवायलाच हवं. पण तुळईला तारणारं हे डांबर नळात साचलं की इंधन होतं. दहा सेंटिमीटर रुंदीच्या नळात सगळीकडून एकच सेंटिमीटर थर बसला, तर धुराची एक तृतीयांशाहून जास्त वाट बंद होते. वाट अरुंद झाली की धूर रेंगाळतो, गार होतो आणि आणखी चिकटतो. मग एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की ठिणगी वर जाते आणि नळच पेटतो.

ओल्या जळतणाने हे दुखणं वाढतं, कारण बरीच ऊब पाणी उडवण्यातच जाते. वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या उन्हात खडखडीत वाळल्या तर झकास जळतात; पावसात भिजलेल्या नुसत्या धुमसतात.

सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. आज त्यातल्या किती शिल्लक असतील, ते आपल्या गावात मोजून पाहावं. ओडिशातल्या खेड्यांमध्ये अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी धुराड्याच्या चुली कित्येक वर्षं पाहिल्या. पहिल्या वर्षी बायकांच्या फुप्फुसात जाणारा धूर घटला, पुढे तो फायदा विरला. चुलीची डागडुजी झाली नाही, वापर घटत गेला. चूल वाटणाऱ्याने नळ दिला, पण तो झाडायचा कुणी, कधी आणि कशाने हे घराच्या रोजच्या कामात बसवलंच नाही, असं माझं मत. पोतेऱ्याला रोजची वेळ होती, नळाला नव्हती.

झाडायला फार काही लागत नाही. चूल पुरती थंड होऊ द्यायची, तिच्या तोंडाला ओलं पोतं लावायचं, आपल्या नाकाला फडकं. दोरीला काथ्याचा घट्ट बोळा, त्याखाली दगड. वरून सोडायचा आणि वर-खाली ओढायचा. रोज काड्या-पऱ्हाट्या जळत असतील तर महिन्यातून एकदा. वरच्या टोपीत घरटं आहे का तेही पाहावं. चिमणीत चिमणी शिरणं ही निव्वळ कोटी नाही. नळ छपरातून जातो तिथे लाकूड, गवत, ताडपत्री त्याला टेकता कामा नये. भाव वाढेल म्हणून खोलीभर कापूस साठवलेल्या घरात तर चूल आणि कापूस यांच्यामध्ये भिंतच हवी. नळातून आगगाडीसारखा घरघराट आला तर आत आग लागली असं समजावं: चुलीचं तोंड ओल्या पोत्याने बंद करून हवा तोडायची, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ लावायचा. तापल्या नळात पाणी ओतलं तर तो तडकतो.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं मात्र नाही. थंडीत दार लावून लाल निखाऱ्यांची शेगडी उशाशी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून घट्ट धरतो. डोकं दुखतं, झोप येते आणि झोपेतून जाग येत नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये आता ओट्यावर विजेची चिमणी असते. तिची ओढ पंख्याची, म्हणून जोर भरपूर. पण फोडणीच्या वाफेतलं तेल तिच्या जाळीत बसतं, आणि तेही पेटतं. तळण जास्त असेल तर जाळी दर पंधरवड्याला गरम पाणी आणि सोड्यात बुडवावी. नळीविना नुसत्या कोळशाच्या गाळणीवर चालणारी चिमणी वास घालवते, कार्बन मोनॉक्साइड नाही.

पुन्हा चुलीकडे येऊ. तिचा नळ गार असला की पहिला धूर उलटा येतो. वाळल्या गवताची एक पेटती चूड क्षणभर नळाच्या तोंडाशी धरली की आतली हवा तापते आणि ओढ सुरू होते. मग देवापुढची उदबत्ती आणून चुलीच्या तोंडाशी धरून बघावी. धुराची रेघ सरळ वर चाललेली असते. धुराडं जागं असेल तर ती मध्येच मोडते आणि आत वळते.