शेवंतीची रात्र आणि दसऱ्याची तिथी

नगरहून दौंडकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात अकोळनेरला पोचते. वाहनवाल्यांना हे गाव इंधनाच्या डेपोमुळे आणि टँकरच्या रांगांमुळे माहीत, भाविकांना दासगणू महाराजांच्या जन्मामुळे. फुलबाजारात मात्र अकोळनेर म्हटलं की शेवंती, झेंडू आणि अॅस्टर.

त्यातला झेंडू तसा मनमोकळा. रोप लावा, दोन-अडीच महिन्यांत फूल हातात. शेवंतीचं तसं नाही. ती रात्र मोजते.

उन्हाळ्याअखेरीस नगर भागात दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. रात्र लांबत गेली की जुन्या वाणांचं झाड पानं काढायचं थांबवून कळी धरू लागतं. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचा बहर ठरतो, हे अमेरिकेतल्या गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. शेतकऱ्याला त्यातलं व्यवहारापुरतं आधीच ठाऊक होतं: लागवड कितीही लवकर केली तरी शेवंती आपल्या वेळेलाच फुलते. ज्यांच्या गॅलरीतल्या कुंडीवर रात्रभर दिव्याचा उजेड पडतो आणि झाड नुसतंच पानांनी माजतं, त्यांनी खत बदलण्याआधी कुंडी हलवून बघावी.

पंचाईत अशी की शेवंती सूर्याप्रमाणे चालते आणि तिचं गिऱ्हाईक चंद्राप्रमाणे. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला आला, २०२४ मध्ये १२ ला आणि २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबरला. फुलाची वेळ फार हलत नाही, सण मात्र तीन आठवडे मागे सरकतो. म्हणून शेतकरी सगळं रान एकाच वाणाखाली घालत नाही. थोडं लवकर येणारं, थोडं उशिरा येणारं असं वाटून घेतो. दसरा हुकला तर दिवाळी, दिवाळी हुकली तर मार्गशीर्षातले गुरुवार.

लागवड काश्यांची. आदल्या हंगामाची फुलं संपली की झाडं जमिनीलगत छाटतात. बुडातून जे नवे धुमारे वर येतात त्या काश्या. त्या मुळासकट अलगद सोडवून सरीच्या बगलेला लावायच्या, दोन सऱ्यांत साधारण दोन फूट आणि दोन रोपांत फूटभर. खरा कस त्याआधी लागतो. नगर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असताना ही मातृझाडं जगवणं म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं सांभाळणं.

महिनाभराने शेंडा खुडायचा. अंगठा आणि तर्जनीच्या नखांत कोवळं टोक धरून टचकन तोडलं की हाताला कडवट, औषधी वास चिकटतो. तो संध्याकाळपर्यंत जात नाही. शेंडा गेल्यावर पानांच्या बगलेतून फुटवे येतात, झाड पसरतं आणि कळ्यांची संख्या वाढते. नवख्याचा जीव इथे होत नाही. चांगलं वाढलेलं रोप कोण मोडणार? पण न खुडलेलं झाड उंच जातं, फुलं मोजकीच देतं आणि वाऱ्यात आडवं पडतं.

मग मावा. कोवळ्या शेंड्यावर काळे ठिपके दिसायला लागले की फवारणीला उशीर करून चालत नाही. पाणी कमी पडलं तर झाड सोसतं. साचलं तर मुळं कुजतात. त्यात नगरकडे सप्टेंबरचा पाऊस हक्काचा. विहिरींना तो हवा असतो, कळीवर आलेल्या शेवंतीला नको असतो. भिजलेल्या फुलात पाकळ्यांमध्ये पाणी राहतं, गोणीत ते फूल तापतं आणि काळं पडतं. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा दादरला ओल्या मालाचा भाव वेगळा, सुक्याचा वेगळा.

तोडणी उजाडताच सुरू होते. ओटी बांधलेल्या बायका दोन्ही हातांनी, न बघता तोडल्यासारख्या तोडतात, पण हाती येतं ते पूर्ण उमललेलंच फूल. अर्धोन्मीलित फूल त्या बोटांनीच ओळखून मागे ठेवतात. शेवंतीचं फूल म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचा एक गेंद. मधली फुलं उमलायला वेळ घेतात, म्हणून घाईने तोडलेला माल वजनात मार खातो.

सगळा माल लांबच जातो असं नाही. जिल्ह्यातच शिर्डी आहे. साईबाबांची कीर्ती कीर्तनांतून गावोगाव नेणारे दासगणू अकोळनेरात जन्मले, आणि त्याच शिर्डीच्या मंदिरात करोनाकाळापासून हार-फुलं नेण्याची बंदी होती. २०२२ मध्ये फूल उत्पादक त्याविरोधात रस्त्यावर उतरले. उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर २०२४ च्या अखेरीस फुलं पुन्हा आत गेली. राहाता परिसरातल्या गुलाबवाल्यांना त्याचा लाभ अधिक, पण रोजचं गिऱ्हाईक शेवंतीलाही हवंच असतं. सणाच्या एका दिवशी सगळ्यांचीच आवक होते आणि भाव दुपारपर्यंत बसतो.

२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ऑक्टोबरच्या आरंभी फुलणारा वाण अशा वर्षी सणाआधीच अर्धा तोडून होईल. उशिरा येणाऱ्या वाणाच्या काश्या ज्याने राखल्या, त्याचं गणित जमेल.