मोटारीचा रंग राखावा कसा?

पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला नदीवर नेतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे. बैलाच्या अंगावर चिखल वाळून बसलेला असतो, शेण चिकटलेले असते. पण तो वाळलेला चिखल खरवडायला कोणी बसत नाही. आधी बैल पाण्यात उभा करायचा, अंगावर पाणी मारायचे, चिखल आपोआप सुटू द्यायचा, आणि मग हात फिरवायचा. कातडे सोलले जाऊ नये एवढी समज लहान पोरालाही असते. मोटारीच्या बाबतीत मात्र हीच शहाणी माणसे नेमके उलटे करतात.

चिखलदऱ्याला सुट्टीच्या दिवशी सकाळी मोटारी उभ्या असतात तिथे जाऊन पाहा. परतवाड्याहून घाट चढून आलेल्या गाड्या धुळीने माखलेल्या असतात. पाहुण्यांना भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड असे सगळे एका दिवसात पाहायचे असते. तेवढ्यात ड्रायव्हर सीटखालून एक फडके काढतो आणि कोरड्या गाडीवरच सपासप फिरवू लागतो. “काहून भाऊ, पाणी नाही घेतलं?” असे विचारले, तर उत्तर ठरलेले. “पाणी कायले लागते जी? दोन मिनिटांत चकाचक करतो ना!”

गाडी चकाचक दिसते, हे खरे. पण ती धूळ म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या वऱ्हाडातली माती म्हणजे काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा भुगा. रस्त्याच्या धुळीत त्याचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याखाली ते सापडले, की फडक्याचा पॉलिशकागद झालाच म्हणून समजा. एका दिवसात काही दिसत नाही. वर्षभराने गाडी उन्हात उभी केली, की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा चमकू लागतात. त्या धुळीने पडलेल्या नसतात, आपल्या पुसण्याने पडलेल्या असतात. धूळ नुसती बसून राहिली असती, तर रंगाचे एवढे नुकसान झाले नसते.

आता हा रंग असतो तरी केवढा जाड? आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंज न धरणारा एक थर असतो, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर एक बिनरंगी, काचेसारखा पारदर्शक थर. कारागीर याला क्लिअर कोट म्हणतात. आपल्याला जी चकाकी दिसते ती याची. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केसही बहुधा यापेक्षा जाड निघेल. ऊन आणि पाऊस यांच्यापासून रंगाला वाचवणारे पांघरूण ते एवढेच, आणि एकदा घासून गेले की ते पुन्हा उगवत नाही.

पूर्वीचा रंग असा नव्हता. अमेरिकेत १९२३ साली ‘ड्यूको’ नावाचा लाख-रंग निघाला. कापसाच्या मुलखातल्या आपल्या मंडळींना ऐकून गंमत वाटेल, पण तो सेल्युलोजवर, म्हणजे कापसाच्या धाग्यात जे मूळ द्रव्य असते त्यावर, नत्राम्लाची क्रिया करून बनवलेला होता. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, ते काम काही तासांवर आले. जुन्या मोटारींवर वरपासून खालपर्यंत रंगच असे. घासून वरचा मळका पापुद्रा काढला, की खालून ताजा रंग निघे, आणि फडक्यालाही तो लागे. म्हणून जुने मेस्त्री दर सणाला गाडी ‘रबिंग’ करत, आणि त्यांचे फारसे चुकत नसे. चूक आपली झाली. रंग बदलला, पण रीत तीच राहिली.

याचा चटका आमच्या ओळखीच्या एका गुरुजींना बसला. मेळघाटातल्या शाळेवर नोकरी, घर खाली परतवाड्याला. पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी जुनी मोटार घेतली. माणूस मोठा टापटिपीचा. दर रविवारी कपडे धुवायच्या पावडरीने गाडी घासायची, आणि वर्षातून दोनदा गॅरेजात नेऊन मशीन मारून घ्यायची. तीन-चार वर्षांत टपावरचा आणि बॉनेटवरचा थर पांढुरका होऊन पापुद्र्यांनी सुटू लागला. कर्ज फिटायच्या आत गाडी विकायची वेळ आली, तेव्हा गिऱ्हाइकाने इंजिन पाहिलेच नाही. टपावर बोट फिरवले आणि किंमत पाडली. शेजारच्याची कधी न धुतलेली गाडी त्यापेक्षा बरी गेली, हे त्यांना फार लागले.

तर धुवावे कसे? उन्हात तापलेली गाडी धुवायला घेऊ नये. पाणी आणि साबण पत्र्यावरच सुकतात आणि डाग धरतात. सकाळी किंवा सावलीत गाडी उभी करावी. आधी नुसते पाणी, आणि तेही टपापासून खाली. बागेची झारी असेल तर उत्तम. फवारणीचा पंपही चालेल, पण कोराच हवा. ज्यात कधी औषध भरले असेल, तो या कामी मुळीच घेऊ नये. मडगार्डच्या आत आणि दारांच्या खालच्या कडेला चिखलाचे लोंदे असतात. त्यांवर पाणी मारून पाच-दहा मिनिटे थांबावे. हे थांबणेच लोकांना जमत नाही. पण निम्मे काम पाणी आपण होऊन करते, आणि हात न लावता करते.

मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. फडके साबणात बुडवून एक भाग हलक्या हाताने पुसायचा, मग साध्या पाण्यात ते खळबळून पिळायचे, आणि पुन्हा साबणात. त्यामुळे माती साध्या पाण्यात उतरते, परत गाडीवर जात नाही. एकाच बादलीत फडके बुडवत राहिले, तर तिसऱ्या खेपेला आपण गढूळ पाण्यानेच गाडी घासत असतो. हात सरळ ओढावा, गोल फिरवू नये. चाके सर्वांत शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे. फडके मातीत पडले तर झटकून पुन्हा वापरू नये, आधी धुऊन घ्यावे. बाजारात मायक्रोफायबर म्हणून मऊ, लवदार कापड मिळते, ते चांगले. नसेल तर जुन्या, अनेकदा धुतलेल्या धोतराचा तुकडा चालेल, पण शिवण, काठ किंवा बटण असलेले कापड नको.

साबणाचे म्हणाल, तर कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो तेलकट मळ काढतो, तसाच गाडीवरचा मेणाचा थरही काढून नेतो. गाडीसाठी वेगळा सौम्य शाम्पू मिळतो, झाकणभर पुरतो. आणि डिझेलचे किंवा रॉकेलचे बोट फिरवून चकाकी आणण्याची ड्रायव्हर लोकांची जी युक्ती आहे, ती सोडाच. तेलावर धूळ अधिकच बसते, आणि दारांची रबरे फुगून खराब होतात.

पाण्याचाही गुण पाहावा लागतो. खाली पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. तिथल्या बोअरचे खारे पाणी गाडीवर सुकू दिले, तर पांढरे ठिपके उमटतात, आणि उन्हाने ते रंगात रुततात. म्हणून धुतल्याबरोबर स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. शेवटचा हात देण्यापुरते पागोळीचे पाणी धरून ठेवले, तर आणखी चांगले. आणि चिखलदऱ्याची तऱ्हा तर जगावेगळी. पावसाळ्यात डोक्यावर ढग फुटतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नळाची नळी लावून वीस मिनिटे गाडी धुतली, आणि नळाची धार मिनिटाला दहा लिटरची धरली, तरी दोनशे लिटर पाणी वाहून गेले. वर सांगितलेल्या रीतीने तीन-चार बादल्यांत, म्हणजे पन्नास-साठ लिटरांत, काम भागते. गाडी सरळ नाल्यात उतरवून धुणारे भाऊही मेळघाटात भेटतात. त्यांच्या चाकांचे ग्रीस आणि साबण खालच्या पाणवठ्यावर जाते, आणि तिथे कोरकू बायांच्या गुंड्या भरायच्या असतात.

(चिखलदरा हे नाव कीचकावरून पडले, भीमाने त्याला मारून इथल्या दरीत टाकले, असे म्हणतात. पण श्रावणात इथे गाडी आणली, की नाव चिखलावरूनच पडले असावे असे वाटू लागते.)

आता पॉलिश. पॉलिश आणि वॅक्स हे दोन शब्द लोक एकच समजतात, आणि सगळा घोटाळा तिथे होतो. पॉलिश म्हणजे तासणे आणि वॅक्स म्हणजे सारवणे. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ती क्लिअर कोटचा वरचा अंश काढते, म्हणून ओरखडे दिसेनासे होतात. वॅक्स म्हणजे मेण. ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरून निघणारे मेण त्यात उत्तम समजतात. ते काही काढत नाही, वरून पातळ लेप देते, पाणी थांबू देत नाही. भिंत आपण दर सणाला सारवतो, पण दर सणाला तासत नाही. तासत राहिलो तर भिंत उरेल का? तसेच इथेही. पॉलिश गरज पडली तरच, आणि तेही आडव्या बारीक रेषा असतील तर. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो पॉलिशने जात नाही. तो घालवण्याच्या हट्टाने मशीन धरली, की पत्र्याच्या कडांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, तिथे रंग जळून जातो. वॅक्स मात्र मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा जरूर लावावे. मिळाल्यास मध्येही.

चैत्रात मोहाच्या झाडाखाली गाडी लावू नये. पहाटे टपावर फुलांचा सडा पडतो. त्यांचा गोड चिकट रस उन्हात वाळून बसतो आणि खरवडल्याशिवाय निघत नाही. पक्ष्याची विष्ठा पडली, तर तीही त्याच दिवशी काढावी. ओले फडके तिच्यावर दोन-चार मिनिटे ठेवून द्यावे आणि मग उचलून घ्यावे, चोळू नये. घाटात पुढच्या गाडीचा खडा उडून टवका गेला, तर पावसाळ्यापूर्वी त्यावर रंगाचे बोट लावून घ्यावे. इथल्या चार महिन्यांच्या धुक्यात पत्रा उघडा राहिला, तर गंज आत शिरायला वेळ लागत नाही. धुळकट गाडीवर कव्हर घालणे हेही घासण्यासारखेच आहे, आणि ओल्या हवेत ते कव्हर दमटपणा कोंडून ठेवते.

दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करण्याची आपली चाल चांगली आहे. त्या दिवशी झेंडूची माळ तारेने न बांधता सुतळीने बांधावी, आणि हळदीकुंकू बॉनेटवर न लावता काचेवर किंवा नंबरपट्टीवर लावावे. कुंकवाचा लाल रंग पांढऱ्या गाडीत उतरला, तर पुढच्या दसऱ्यापर्यंत तसाच राहतो.