भोपाळचे भूजल आणि यकृताचा विषाशी झगडा

भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती काळरात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारोंचे प्राण घेतले. जे वाचले त्यांपैकी असंख्यांचे डोळे आणि फुफ्फुसे कायमची अधू झाली. मात्र या दुर्घटनेच्या सावलीत दुसरी एक कथा संथपणे उलगडत राहिली. ती हवेची नसून पाण्याची आहे, आणि तिचा संबंध शरीरातील यकृत या अवयवाशी येतो.

या कारखान्यात ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक तयार होत असे. उत्पादनात वापरली जाणारी द्रावके आणि टाकाऊ रसायने कारखान्याच्या आवारात, तसेच १९७७ पासून बाहेरच्या बाष्पीभवन तलावांत टाकली जात. त्यांतील काही जमिनीत झिरपली. ‘ग्रीनपीस’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत परिसरातील एका हातपंपाच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ३,४१० मायक्रोग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची त्या वेळची मर्यादा २ मायक्रोग्रॅम होती. म्हणजे हे प्रमाण मर्यादेच्या १,७०५ पट होते. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. हे रसायन पाण्याहून जड असल्याने ते भूगर्भात खोलवर उतरते आणि दशकानुदशके तेथे टिकून राहते.

कार्बन टेट्राक्लोराइड वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. विसाव्या शतकात ते कपड्यांच्या कोरड्या धुलाईसाठी आणि अग्निशामक नळकांड्यांत सर्रास वापरले जाई. एके काळी अंकुशकृमींवरील औषध म्हणूनही ते रुग्णांना पाजले गेले. यकृतावरील त्याचा घातक परिणाम लक्षात आल्यावर हे उपयोग मागे पडले. परंतु प्रयोगशाळेत त्याचे महत्त्व वाढले. उंदराला काही आठवडे या रसायनाच्या ठरावीक मात्रा दिल्या की त्याच्या यकृतात माणसातील सिरॉसिससारखे व्रण निर्माण होतात. त्यामुळे यकृतविकारांच्या संशोधनातील हा एक नेहमीचा नमुना ठरला.

गंमत अशी की, हे रसायन स्वतः फारसे विषारी नसते. त्याला विषारी बनवते ते यकृतच. शरीरात आलेल्या परक्या पदार्थांचे रूपांतर करून ते बाहेर टाकता यावेत यासाठी यकृतपेशींत विकरांचा एक संच असतो. त्यांपैकी सायटोक्रोम पी-४५० २ई१ हे विकर कार्बन टेट्राक्लोराइडचा एक क्लोरीन अणू तोडते. उरतो तो अत्यंत चंचल असा मुक्त मूलक. तो पेशींच्या आवरणातील मेदावर हल्ला चढवतो, एका रेणूपासून दुसऱ्या रेणूकडे ही होळी पसरत जाते आणि पेशी मरते. हे विकर यकृतातील सूक्ष्म मध्यशिरेभोवती अधिक असल्याने नाशाची सुरुवातही तेथूनच होते.

येथे भोपाळची कथा गोमंतकीय वाचकाच्या घरापर्यंत येऊन पोहोचते. हेच विकर मद्यार्कावरही काम करते. फेणी असो, बिअर असो वा व्हिस्की, नियमित मद्यपानाने यकृतपेशींत या विकराचे प्रमाण वाढते. म्हणूनच पूर्वी कारखान्यांत या द्रावकाच्या वाफा सर्वांनी सारख्याच हुंगल्या, तरी मद्यपी कामगार अधिक गंभीर आजारी पडत. पॅरासिटामॉलचा थोडा अंशही याच विकरामुळे विषारी रूप घेतो. नेहमीच्या मात्रेत यकृतातील ग्लुटाथायोन ते विष शमवते. अतिमात्रेत मात्र हा साठा संपतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध तो साठा पुन्हा भरून काढते आणि पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी ठरते. स्थूलता आणि मधुमेहासोबत येणाऱ्या मेदयुक्त यकृतातही या विकराची सक्रियता वाढलेली आढळते.

यातूनच भोपाळच्या रहिवाशांपुढील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. सुजलेल्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तरी मद्यामुळे झालेली हानी आणि चयापचयाच्या बिघाडामुळे झालेली हानी जवळजवळ सारखीच दिसते. पाण्यातील रसायनाचा त्यातील वाटा किती, हे एका रुग्णापुरते सांगणे बहुधा अशक्य असते. नुकसानभरपाईसाठी न्यायालय पुरावा मागते. यकृत मात्र आपल्यावर घाव घालणाऱ्याचे नाव लिहून ठेवत नाही. त्यामुळे उत्तर शोधावे लागते ते संपूर्ण वस्तीच्या दीर्घकालीन अभ्यासातून, आणि त्यासाठी कोणी किती वर्षे कोणते पाणी प्यायले याच्या नोंदी लागतात.

कारणे निरनिराळी असली तरी पुढचा मार्ग एकच असतो. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या तारकाकार पेशी असतात. वारंवार इजा झाली की त्या आपले शांत रूप टाकून तंतुमय कोलॅजन तयार करू लागतात. हे तंतू वाढत गेले की सिरॉसिस होतो. तो कधीच मागे फिरत नाही, असे पूर्वी मानले जाई. उंदरांना रसायन देणे थांबवल्यावर मात्र व्रण हळूहळू विरघळताना दिसले. माणसांतही त्याची प्रचिती आली. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेपेटायटिस ‘बी’मुळे सिरॉसिस झालेल्या ९६ रुग्णांनी पाच वर्षे टेनोफोव्हिर घेतले, त्यांपैकी ७१ जणांच्या तपासणीत सिरॉसिस उरला नव्हता. अर्थात फार पुढे गेलेल्या विकारात ही आशा क्षीण होते आणि प्रत्यारोपण हाच मार्ग राहतो.

आजच्या बहुतेक उपचारांचे सूत्र याच निरीक्षणात आहे : आधी कारण दूर करा. हेपेटायटिस ‘सी’ आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ शकतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. मेदयुक्त यकृतात शरीराचे वजन ७ ते १० टक्क्यांनी घटवल्यास सूज उतरते. रेस्मेटिरोम या पहिल्या खास औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तेही आहार आणि व्यायामाच्या जोडीनेच घ्यायचे असते. मद्यजन्य विकारात मद्य पूर्ण सोडण्याला पर्याय नाही.

व्यक्तीच्या बाबतीत कारण दूर करणे बऱ्याच अंशी तिच्या हाती असते. भोपाळमध्ये ते तसे नाही. कारखान्याच्या आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेण्यात आला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. परंतु त्यात दूषित माती आणि भूजल यांचा समावेश नव्हता. घाव थांबला तर स्वतःला सावरण्याचे सामर्थ्य यकृतात आहे. भोपाळच्या त्या वस्त्यांत तो थांबवण्याचे काम मात्र औषधांच्या नव्हे, तर शासनाच्या आवाक्यातील आहे.