डॉक्टर, लाभपद आणि संसदेची उमेदवारी

लोकसभेच्या निवडणुकीस उभ्या राहू इच्छिणाऱ्या डॉक्टरापुढे कायद्याचा कोणता अडसर असतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. राज्यघटनेच्या ८४व्या अनुच्छेदात उमेदवाराच्या पात्रतेसाठी मुख्यतः नागरिकत्व आणि वय यांच्या अटी आहेत. लोकसभेसाठी २५ वर्षे, तर राज्यसभेसाठी ३० वर्षे. व्यवसायाचा तेथे उल्लेखही नाही. डॉ. सुशीला नायर १९५७ साली झाशीमधून लोकसभेवर निवडून आल्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे व सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिलेले डॉ. जीवराज मेहता १९७१ साली अमरेलीमधून लोकसभेत गेले. तेव्हा डॉक्टरकीचा व्यवसाय म्हणून उमेदवारीस विरोध नाही, हे उघड आहे. परंतु त्याच व्यवसायातील सर्वांस ही वाट सारखी मोकळी नसते. दवाखाना चालविणारा खाजगी डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयातील सरकारी वैद्यकीय अधिकारी यांची पदवी एक असली, तरी निवडणुकीच्या संदर्भात त्यांचे स्थान अत्यंत भिन्न आहे. हा भेद कोठून उत्पन्न होतो, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे मूळ घटनेच्या १०२व्या अनुच्छेदात सापडते. भारत सरकारच्या किंवा कोणत्याही राज्य सरकारच्या अधीन 'लाभपद' धारण करणारी व्यक्ती, संसदेने कायद्याने त्या पदास सूट दिली नसेल तर, सदस्यत्वास अपात्र ठरते. ही कल्पना इंग्लंडातून आली. राजा पार्लमेंटच्या सभासदांना पगारी जागा देऊन आपल्या बाजूस वळवी. त्यास आळा घालण्यासाठी अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे निर्बंध घालण्यात आले. तात्पर्य, या नियमाचा रोख व्यक्तीच्या योग्यतेवर नसून तिच्या परावलंबित्वावर आहे. ज्याची भाकरी सरकारच्या हाती, त्याने सरकारला जाब विचारणाऱ्या सभागृहात बसू नये, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडने १९५७ च्या कायद्याने अपात्र पदांची यादीच करून टाकली. भारताने मात्र 'लाभपद' हा व्यापक शब्द कायम ठेवला आणि १९५९ च्या अधिनियमाने काही पदांना सूट दिली. साहजिकच या शब्दाची मर्यादा ठरविण्याचे काम न्यायालयांवर येऊन पडले.

न्यायालयांनी त्यासाठी काही कसोट्या लावल्या आहेत : नेमणूक कोण करतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, वेतन कोण देतो, काम कोणासाठी चालते आणि त्यावर नियंत्रण कोणाचे. यांपैकी एकच कसोटी निर्णायक ठरते असे नाही; सर्वांचा एकत्रित विचार करावा लागतो. लाभ प्रत्यक्षात घेतला की नाही, हा प्रश्नही गौण होय. त्या पदापासून लाभ मिळण्याजोगा असला म्हणजे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका राज्यसभा सदस्येच्या प्रकरणात स्पष्ट केले.

या कसोट्या वैद्यक व्यवसायास लावून पाहिल्या म्हणजे त्यांचे मर्म ध्यानात येते. राज्याच्या आरोग्यसेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक, बदली, वेतन व बडतर्फी ही सर्व सरकारच्या हाती असतात. तो लाभपद धारण करतो याविषयी वाद संभवत नाही. महानगरपालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टराची गोष्ट वेगळी आहे. राष्ट्रपतिपदाच्या पात्रतेविषयीच्या ५८व्या अनुच्छेदात स्थानिक किंवा अन्य प्राधिकरणाच्या अधीन असलेल्या पदांचाही समावेश आहे. १०२व्या अनुच्छेदात ते शब्द नाहीत. या फरकाकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच लक्ष वेधले होते. म्हणून केवळ महानगरपालिकेची नोकरी एवढ्याच कारणाने डॉक्टर संसदेस अपात्र ठरत नाही.

तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला असून अधिक उद्बोधक आहे. राज्य कामगार विमा योजनेत खाजगी डॉक्टरांची नामिका असते. विमाधारक कामगार आपल्या पसंतीच्या डॉक्टराकडे नाव नोंदवितो आणि डॉक्टरास नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे मोबदला मिळतो. अशा नामिकेवरील महाराष्ट्रातील एका डॉक्टराच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीस आव्हान देण्यात आले आणि १९७६ साली ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. वाद नगरपालिकेच्या कायद्याखालील असला, तरी शब्द घटनेतल्याच धर्तीचे होते. न्यायालयाच्या मते, 'पद' म्हणजे धारण करणाऱ्या व्यक्तीहून स्वतंत्र अस्तित्व असलेली जागा. एक गेला तरी ती उरते व दुसरा तीवर येतो. नामिकेवरील डॉक्टर अशा जागेवर नेमलेला नसतो. आपला स्वतंत्र व्यवसाय करीत असताना तो योजनेतील रुग्णांनाही सेवा देतो. त्यास मिळणारा पैसा अंतिमतः सार्वजनिक योजनेतून येत असला, तरी तेवढ्याने ते लाभपद होत नाही. याउलट अर्थ स्वीकारला असता, तर कल्याणकारी योजना जसजशा विस्तारत गेल्या, तसतसे त्यांत सहभागी होणारे डॉक्टर सार्वजनिक जीवनातून बाहेर फेकले गेले असते.

येथपर्यंत घटनेचा विचार झाला. परंतु व्यवहारात सरकारी डॉक्टरास अडविणारी भिंत अधिक जवळची आहे. ती म्हणजे सेवानियम. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार सरकारी सेवकास कायदेमंडळाची निवडणूक लढविता येत नाही. हे दोन निर्बंध पुष्कळदा एकच समजले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत. लाभपदाच्या अपात्रतेमुळे उमेदवारी किंवा निवडच रद्द होते. सेवानियमाच्या भंगामुळे उमेदवारी आपोआप रद्द होत नाही, पण नोकरी धोक्यात येते. महानगरपालिकेच्या डॉक्टरास पहिला निर्बंध लागू नसला, तरी त्याच्या नोकरीचे नियम त्यास बांधून ठेवू शकतात.

यातून सुटण्याचा मार्ग राजीनाम्याचा. सर्वसाधारणपणे सरकारी सेवकाचा राजीनामा नुसता दिल्याने नव्हे, तर स्वीकारला गेल्यावर परिणामकारक होतो. दुसरीकडे निवडणुकीचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस हा अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस असतो आणि त्याच्या लगतच्या दिवशी छाननी होते. उमेदवाराची पात्रता छाननीच्या दिवशी पाहिली जाते. कार्यालयीन टिपणी, थकबाकी व चौकशी यांच्या फेऱ्यांत अडकलेला राजीनामा या अवधीत मंजूर न झाल्यास पुढची पाच वर्षे वाया जातात. २०२२ साली मुंबईत अंधेरी पूर्व विधानसभेच्या पोटनिवडणुकीत, महानगरपालिकेच्या सेवेतील एका महिला उमेदवाराचा राजीनामा स्वीकारण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला तो अर्जाच्या अखेरच्या दिवसाच्या केवळ आदल्या दिवशी. ती डॉक्टर नव्हती. पण सरकारी डॉक्टरापुढील पेच हाच असतो. परावलंबित्व तोडण्यासाठी दिलेला राजीनामाच ज्यापासून मुक्त व्हावयाचे त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, ही यातील विसंगती होय.

शिवाय हा भार विषम आहे. खाजगी डॉक्टर पराभूत झाल्यास दुसऱ्या दिवशी आपला दवाखाना उघडतो. सरकारी डॉक्टर पराभवाबरोबर ज्येष्ठता व निवृत्तिवेतनाची आशाही गमावून बसतो. २०२३ च्या राजस्थान विधानसभा निवडणुकीत तेथील उच्च न्यायालयाने एका सरकारी डॉक्टरास उभे राहण्याची आणि पराभव झाल्यास कामावर परतण्याची मुभा दिली. परंतु तो एका प्रकरणापुरता दिलासा होता, सर्वसाधारण नियम नव्हे. मतदारांत पक्षप्रचार करून परतलेला डॉक्टर सर्व पक्षांच्या रुग्णांस निःपक्ष वाटेल काय, हा आक्षेपही सहज बाजूस सारता येण्याजोगा नाही.

तरीही दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. आमदार-खासदार झालेल्याने सरकारी पगार घेऊ नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. मात्र त्याच्या रक्षणासाठी राजीनाम्याच्या निर्णयास निश्चित मुदत नसावी, हे मुळीच अपरिहार्य नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयातील औषधांचा तुटवडा व रिक्त जागा ज्यांनी रोज अनुभवल्या, त्यांचा आवाज संसदेत पोहोचतो की नाही, हे पुष्कळदा घटनेच्या अनुच्छेदाने नव्हे, तर एका कार्यालयीन कागदावरील तारखेने ठरते.