‘अर्थ’ कापू नका

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. तरी घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचा नाद मला लागला आणि तो सुटला नाही. आज त्याविषयी सांगायचं आहे. सांगता सांगता माझी एक चूकही कबूल करायची आहे.

आपल्याकडे आवाज मोठा म्हणजे चांगला, अशी समजूत आहे. हाय-फाय म्हणजे मोठा आवाज नव्हे. ‘फिडेलिटी’ म्हणजे इमान. आवाज वाढवताना त्यात पदरचं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही गाळायचं नाही. मोरोपंत आमच्या बारामतीचे. त्यांच्या आर्येत कुणी एखादी मात्रा जास्त घातली तर जाणत्या कानाला लगेच खटकते. अ‍ॅम्प्लिफायरचंही तसंच आहे.

सुरुवातीला टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी बरी. माहितीपत्रकातच तिला १४ वॅटचा हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं आहे. स्टीरिओसाठी दोन लागतात. बरोबर ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठे कपॅसिटर आणि थोडे रेझिस्टर. २२ किलोओहम आणि ६८० ओहम या दोन रेझिस्टरांच्या प्रमाणावर आवाज किती पट वाढणार ते ठरतं. या जोडीने तो सुमारे ३३ पट वाढतो. आयसीची पाठ आतून उणे व्होल्टेजला जोडलेली असते. म्हणून ती आणि हीट सिंक यांच्यात अभ्रकाची चकती हवीच.

सामान मी पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलं. पुस्तकी हिशेबाने १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घेतला. कपॅसिटर विजेच्या लाटेच्या शिखरापर्यंत भरतो आणि ते शिखर १२ च्या १.४१ पट असतं. त्यामुळे डायोडनंतर दोन्ही बाजूंना सोळा-सतरा व्होल्ट मिळतात. आयसी १८ पर्यंत सोसते. कागदावर हिशेब बसला. पण आमचा उसाचा पट्टा. रात्री विहिरींवरचे पंप बंद झाले की घरात २३० चे २६० व्होल्ट होतात आणि सोळाचे साडेअठरा. माझ्या दोन आयसी अशाच गेल्या. मग ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर लावला. आठ ओहमच्या स्पीकरला पाच-सहा वॅट मिळतात. घरात तेवढे पुरतात.

जोडणी झाली की लगेच गाणं लावायचं नाही. आधी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता त्याच्या टोकांवर मीटर धरायचा. डीसी व्होल्टेज जवळपास शून्य हवं. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडू नका, त्याची कॉइल जळेल.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे गुणगुण. तिचं निदान कानाने करता येतं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. डायोडांचा पूल लाटेच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतो, म्हणून पुढे १०० आवर्तनं होतात. खर्जातली, जड गुणगुण ५० ची असते. ती बहुधा बाहेरून शिरते. तोच सूर वरच्या सप्तकात, जरा खरखरीत ऐकू आला तर तो १०० चा. मग कपॅसिटर आणि आतली कॉमन तार तपासायची. खात्रीसाठी इनपुट शॉर्ट करावं. तरीही गुणगुण राहिली तर दोष आत आहे. थांबली तर बाहेर.

माझी थांबली. संगणकाची केबल जोडली की परत यायची. चार दिवस मी पार्ट बदलत बसलो. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली हिरवी तार कापली. गुणगुण गेली. मी खूश.

पुढे तो अ‍ॅम्प्लिफायर मी इंदापूरला आपाच्या मुलाला दिला. एस.टी.ने भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी करत नेला. पत्र्याच्या भोकातून वायर आत घेताना मी रबरी बूच घातलं नव्हतं. हादऱ्यांनी वायर पत्र्यावर घासली आणि फेज पेटीला लागला. तिथे संगणकाची केबलही नव्हती, त्यामुळे तिच्यातून मिळणारा उरलासुरला अर्थही गेला. आपाने फरशी पुसली आणि ओल्या पायांनी पेटीवरची धूळ झटकायला गेली. झटक्याने ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. दोन दिवस हात बधिर होता. मला म्हणाली, “गाणं ऐकायला दिलंस की जीव घ्यायला?” तार मी कापली होती, हे तिला सांगायला मला महिना लागला.

गुणगुणीचं कारण वेगळंच होतं. संगणक एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या. दोघांना वेगवेगळ्या वाटेने अर्थ. मधली केबलची जाळी त्यांना जोडते आणि तारेचा एक मोठा फेरा तयार होतो. घरातल्या वायरिंगमुळे त्या फेऱ्यात बारीक प्रवाह वाहतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यालाच गाणं समजून ३३ पट मोठं करतो. हिरवी तार कापली की फेरा तुटतो, आणि त्याबरोबर माणसाचं संरक्षणही. तार शाबूत असती तर फेज पेटीला लागताच प्रवाह जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता.

उपाय सोपे आहेत. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावा, फेरा लहान होतो. तरीही राहिलं तर इनपुटच्या वाटेवर छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. तो गाणं पुढे देतो, तार जोडत नाही. वायर पत्र्यातून घेताना रबरी बूच घाला. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका, कारण कोरड्या अर्थिंगवर फ्यूज उडेलच असं नाही. जमलं तर घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. आणि पेटी उघडण्याआधी प्लग सॉकेटमधून काढून ठेवा.

आमच्याकडचे वायरमन त्या हिरव्या तारेला ‘अर्थ’ म्हणतात. कवितेतला अर्थ गेला तर फार तर ऐकणारा जांभई देतो. आपा आता ठणठणीत आहे. तोच अ‍ॅम्प्लिफायर, नवी तीन तारांची वायर घालून, तिच्या घरी वाजतो. इंदापूरला गेलो की मी आधी प्लग उघडून पाहतो, मग चहा घेतो.