परमिट रूमची इंग्रजी
वैरागसारख्या बाजारगावापासून मुंबईपर्यंत पिण्याची बोली इंग्रजी आहे, पण ती इंग्लंडची नाही; बरीचशी आपल्याच कायद्याने घडवलेली आहे. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागू लागला आणि बार 'परमिट रूम' झाला. १८० मिलीची बाटली 'क्वार्टर', ९० मिलीची 'नाइंटी', विक्रीबंदीचा दिवस 'ड्राय डे'. हे शब्द सिनेमाने आणले, असे कोणी म्हणेल. सिनेमाने ते पसरवले, हे खरे. पण 'परमिट' सरकारी कागदावरूनच पाटीवर आले. विरोधाची भाषा मात्र अस्सल मराठी राहिली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. दारूबंदीसाठी गावातल्या बायका मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडवी' निवडली, तर दुकान बंद होते.