खेळ आधी कागदावर, मग पडद्यावर

संगणकावरील छोटा खेळ तयार करणे हा विद्यार्थ्यांचा आवडता प्रकल्प ठरू लागला आहे. अमेरिकेतील ‘एमआयटी’ या संस्थेने २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ मोफत उपलब्ध आहे. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून खेळ उभा करता येतो. गोव्यातील शाळांमध्ये ‘केअर्स’ योजनेतून कोडिंगचे शिक्षणही पोहोचले आहे. साधन हाताशी असूनही प्रकल्प अडतो, तो बहुधा खेळाचे नियम पुरते ठरलेले नसल्यामुळे.

बडोद्याचा धडा

या बाबतीत बडोद्याचा इतिहास मार्गदर्शक आहे. हुतूतू हा खेळ गावोगावी वेगवेगळ्या रीतीने खेळला जाई. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा मैदानात येई. गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागे. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. दोन गावांचे संघ समोरासमोर आले तर सामना कोणत्या रीतीने खेळायचा, हाच पहिला प्रश्न असे. १९१८ च्या सुमारास या खेळाचे नियम ठरवण्यात आले, १९२३ मध्ये ते छापले गेले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा झाली. पुढे याच शहरातून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत प्रसिद्ध झाले. लिखित नियमांमुळेच एका गावचा खेळ दुसऱ्या गावच्या अनोळखी संघालाही तंतोतंत खेळता आला.

आराखड्यात काय असावे?

हाच हुतूतू संगणकावर आणायचा, असे समजू. पहिली ओळ उद्दिष्टाची: ‘चढाई करणाऱ्या गड्याने दम संपण्यापूर्वी प्रतिपक्षाच्या गड्याला शिवून मध्यरेषेवर परतावे.’ एवढे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर कल्पना अजून कच्ची आहे असे समजावे. त्यानंतर पडद्याचे कच्चे रेखाचित्र, कोणत्या कळीने गडी कोणीकडे सरकेल याची नोंद आणि संगणकाने लक्षात ठेवायच्या बाबींची यादी करावी: गुण, उरलेला दम, मैदानातील गड्यांची संख्या. दम वीस सेकंदांचा की तीस, हा आकडाही आधीच लिहावा.

खरी कसोटी नियमांची असते. गडी बाद झाल्यावर पुढे काय? संजीवनी निवडली तर बाद गड्यांचा क्रम लक्षात ठेवणे भाग पडते. अमर निवडला तर गुण वाढवला की काम भागते. एका शब्दाच्या निवडीने प्रकल्पाचे काम दुप्पट होऊ शकते. तसेच, दम संपण्याचा आणि गडी रेषेवर पोहोचण्याचा क्षण एकच असेल तर? मैदानावर पंच निर्णय देतो. संगणक मात्र जी अट आधी लिहिली असेल, ती आधी तपासतो. वेळेची अट आधी असेल तर गडी बाद, रेषेची आधी असेल तर सुरक्षित. हा निर्णय विद्यार्थ्याने जाणीवपूर्वक घ्यायला हवा. तो नकळत घेतला गेला, तर खेळणाऱ्याला अन्याय वाटतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

नोंदवही हाच पुरावा

काम सुरू असताना रोज चार ओळी लिहाव्यात: आज काय केले, काय बिघडले, कशामुळे सुधारले. प्रत्येक टप्प्याची प्रत तारखेसह वेगळी जतन करावी. नवा बदल फसल्यास मागे येता येते. चाचणीसाठी तीन रकाने पुरेत: काय करून पाहिले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले. खेळ न पाहिलेल्या मित्राला केवळ लिखित सूचना देऊन तो खेळायला लावावा आणि मध्ये बोलू नये. तो जिथे अडखळेल, तिथे सूचना अपुऱ्या आहेत. चित्रे व ध्वनी इतरांचे वापरले असल्यास त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

सादरीकरणाच्या दिवशी संगणक बंद पडला, तरी अशी वही विद्यार्थ्याचा विचार शिक्षकांपुढे मांडू शकते. गटातील कोणी काय केले हेही त्यातून कळते आणि मुकाट्याने राबलेल्या मुलाचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जात नाहीत. शिवाय पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याला तोच खेळ पुन्हा शून्यापासून रचावा लागत नाही. जिथे हात थांबला, तिथून तो पुढे नेता येतो.